“पण शून्य घातांकाला उत्तर एक का?” मुलगी अडून बसलीय, काय करू?

एका आईचं पत्र आहे, नाव न देता थोडक्यात देतेय. मुलगी आठवीत. गणित आवडीचा विषय होता, घातांक सुरू झाले आणि गाडी अडली. क्लासमध्ये सात नियमांचा तक्ता दिला, पाठ करून या म्हणाले. मुलगी म्हणते, दोन हा आकडा शून्य वेळा घेतला तर काहीच घेतलं नाही, मग उत्तर शून्य पाहिजे, एक कसं? सर म्हणाले नियम आहे, लक्षात ठेव, वेळ घालवू नको. तिने ते प्रश्न चाचणीत चक्क सोडून दिले, आणि जे सोडवले त्यात ३^२ × ३^४ = ९^६, (२^३)^२ = २^५ आणि २^(-३) = -८ असं लिहून आली. वडील म्हणतात हा हट्टीपणा आहे. आई म्हणते, मी शाळेत सगळं पाठ करून चांगले मार्क मिळवले, पण ती ‘का’ विचारते तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. वार्षिक परीक्षा महिन्यावर आलीय. आता पाठ करून घेऊ आणि समजणं नंतर बघू, की समजेपर्यंत थांबू? क्लास बदलू का?

(टाइप करताना वरचा छोटा आकडा नीट येत नाही म्हणून मी २^३ असं लिहितेय, म्हणजे पाया २ आणि घातांक ३.)

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण ती घरात कोणी तिला सांगितलेली दिसत नाही. तुमच्या मुलीची शंका बरोबर आहे. तिला घातांकाची जी व्याख्या शिकवलीय ती म्हणजे ‘पाया तितक्या वेळा घेऊन गुणायचा’. ह्या व्याख्येत ५^३ म्हणजे ५ × ५ × ५, इथपर्यंत छान. पण ५^० म्हणजे पाच शून्य वेळा घेऊन गुणायचा, ह्याला ह्या व्याख्येत अर्थच नाही. ५^(-२) म्हणजे पाच उणे दोन वेळा घ्यायचा, त्यालाही नाही. म्हणजे तिच्या हातात जी व्याख्या दिली ती १, २, ३, ४ अशा घातांकांपुरतीच चालते, आणि पुढच्याच पानावर तिला शून्य आणि उणे घातांकांची उत्तरं पाठ करायला सांगितली. ती अडली कारण ती व्याख्या मनापासून धरून बसलीय. ह्याला मी हट्टीपणा म्हणणार नाही, उलट गणितात असंच वागायला हवं.

खरी गडबड त्या तक्त्यात आहे. त्यातल्या सात ओळी एकसारख्या दिसतात पण त्या दोन वेगळ्या जातीच्या आहेत, आणि हे बहुतेक ठिकाणी कोणी सांगतच नाही. पहिल्या काही ओळी मोजून दाखवता येतात. बाकीच्या ओळी माणसांनी विचार करून ठरवलेल्या आहेत, आणि अशा ठरवल्यात की पहिल्या ओळी मोडू नयेत. मोजून मिळालेली गोष्ट आणि ठरवलेली गोष्ट एकाच रांगेत ‘नियम’ म्हणून छापली की विचार करणारं पोर गोंधळणारच.

आधी मोजायच्या ओळी बघू. २^३ × २^४ उघडून लिहा, (२×२×२) × (२×२×२×२). दोन किती झाले ते बोटाने मोजा, सात. म्हणून २^७. घातांकांची बेरीज ही कोणाची आज्ञा नाही हो, आधी तीन दोन होते, त्यात चार आले, बस. भागाकारात ५^६ ÷ ५^२ लिहा, वर सहा पाच, खाली दोन पाच, दोन-दोन काट मारून जातात, वर चार उरले, ५^४. आता कंसाचा, (२^३)^२ म्हणजे २^३ हा अख्खा गठ्ठा दोनदा, एका गठ्ठ्यात तीन दोन, असे दोन गठ्ठे, एकूण सहा, म्हणून २^६. आणि (२×५)^३ म्हणजे २×५ तीनदा लिहायचं, गुणाकारात क्रम बदलला तरी चालतं म्हणून सगळे दोन एकीकडे, सगळे पाच एकीकडे, २^३ × ५^३. चारही ठिकाणी आपण फक्त मोजतोय. अ^म × अ^न = अ^(म+न) ही अक्षरं म्हणजे ह्याच मोजणीचा शॉर्टकट, आधी मोजणी बघितली नसेल तर ती अक्षरं म्हणजे सात अनोळखी चेहरे, त्यात कुठे बेरीज कुठे गुणाकार हे परीक्षेत मिसळणार नाही तर काय होणार?

तिच्या चुका ह्याच नजरेने बघा. ३^२ × ३^४ = ९^६ ह्यात तिने घातांकांची बेरीज बरोबर केलीय, म्हणजे तक्त्यातली ओळ आठवलीय, पण मधे गुणाकाराचं चिन्ह दिसलं म्हणून पायाही गुणून टाकला. निष्काळजीपणा नाहीये हा. उघडून लिहिलं असतं तर सहा तीन समोर दिसले असते, नऊ कुठेच नाहीत. उत्तर ३^६ म्हणजे ७२९, आणि ९^६ होतात ५,३१,४४१, किती लांब आहे बघा. (२^३)^२ = २^५ मध्येही तेच झालंय, बेरजेची ओळ चुकीच्या जागी लावली, ६४ च्या जागी ३२ आलं. दोन्ही चुका पाठ करूनच आल्यात, हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचंय, कारण तुमच्या पत्रात पाठांतर हा सेफ रस्ता आणि समजून घेणं हा वेळखाऊ रस्ता असं गृहीत धरलेलं दिसतं. घातांकांच्या बाबतीत मला ते उलटं वाटतं. सात सारख्या दिसणाऱ्या ओळी न मिसळता लक्षात ठेवणं अवघड आहे, आणि उघडून लिहून मोजणं ही एकच गोष्ट आहे.

आता तिचा खरा प्रश्न. वहीत एकाखाली एक लिहायला सांगा, २^४ = १६, २^३ = ८, २^२ = ४, २^१ = २. प्रत्येक पायरी उतरताना घातांक एकने कमी होतो आणि संख्या निम्मी होते. पुढची पायरी २^०, तिथे काय यायला हवं? तुम्ही सांगू नका, तिलाच लिहू द्या. दोनाचे निम्मे एक. शून्य लिहायचं असेल तर दोनाचे निम्मे शून्य म्हणावं लागेल, ते तिला स्वतःलाच पटणार नाही. मग अजून खाली उतरा, २^(-१) म्हणजे १/२, २^(-२) म्हणजे १/४, २^(-३) म्हणजे १/८. मला विचाराल तर शून्य आणि उणे घातांक ह्या एका रांगेत एकत्रच शिकवावेत, वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे नियम म्हणून शिकवू नयेत.

दुसऱ्या बाजूनेही दाखवा, कारण अशा मुलांना एक पुरावा पुरत नाही (आणि पुरूही नये). ५^३ ÷ ५^३ किती? शून्य सोडून कुठलीही संख्या तिनेच भागली की १. भागाकाराची मोजणी वापरली तर घातांक वजा करायचे, ३ वजा ३ शून्य, म्हणजे ५^०. एकाच गोष्टीची दोन उत्तरं येऊन चालणार नाही, म्हणून ५^० = १ असं ठरवावं लागतं. ‘ठरवावं लागतं’ हे शब्द तिच्यासमोर असेच वापरा. दुसरं काही ठरवलं असतं तर भागाकाराची ओळ शून्याला येऊन मोडली असती. एवढं सांगितलं की तिला कळेल की आपल्याला काहीतरी आंधळेपणाने मान्य करायला लावत नाहीयेत.

तरीही ती म्हणेल, पण शून्य वेळा घेतला म्हणजे काहीच नाही ना! इथे तिची व्याख्या थोडी दुरुस्त करून द्या. बेरजेत आपण शून्यापासून सुरू करतो, काही मिळवलं नाही तर शून्य राहतं. गुणाकारात एकापासून सुरू करतो, कारण एकाने गुणलं की काही बदलत नाही. म्हणजे २^३ कसं वाचायचं, एक घ्या आणि त्याला तीनदा दोनाने गुणा, १×२×२×२. मग २^० म्हणजे एक घ्या आणि एकदाही गुणू नका, एकच राहिला. आणि २^(-३) म्हणजे एक घ्या आणि तीनदा दोनाने भागा, १÷२÷२÷२, आले १/८. घातांकातलं उणे चिन्ह गुणायचं की भागायचं ते सांगतं, उत्तर ऋण आहे का धन त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तिचं -८ आलं ते इथेच हुकलं, तिने ते चिन्ह उचलून उत्तराला लावलं. तिला सायन्समधलं एक उदाहरण द्या, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान साधारण ९.१ × १०^(-३१) किलो असतं. उणे घातांकाने संख्या ऋण होत असती तर इलेक्ट्रॉनचं वस्तुमान शून्यापेक्षा कमी झालं असतं. ते फक्त फार फार लहान आहे.

एक सांगते ज्याने तिला कदाचित बरं वाटेल. वर छोटा आकडा लिहायची जी पद्धत आपण वापरतो ती रेने देकार्तने १६३७ साली छापली, पण पूर्ण घातांकांपुरती, आणि गंमत म्हणजे वर्गासाठी तो पुष्कळदा तेच अक्षर दोनदा लिहायचा. ऋण आणि अपूर्णांकी घातांक आजच्यासारखे लिहिलेले न्यूटनच्या १६७६ च्या पत्रात दिसतात, आणि त्याच्या आधी १६५६ मध्ये जॉन वॉलिसने त्या दिशेने बरंच काम केलं होतं. त्याही आधी १४८४ मध्ये निकोला शुके नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने शून्य आणि ऋण घातांक स्वतःच्या पद्धतीने लिहिले होते, पण ते हस्तलिखितच राहिलं, त्या काळी छापलं गेलं नाही. म्हणजे साध्या घातांकापासून उणे घातांकापर्यंत सगळ्यांनी मिळून पोचायला एवढा काळ गेला. आठवीतल्या मुलीने दोन आठवडे अडून बसणं मला तरी जास्त वाटत नाही.

आता परीक्षा. तुमची काळजी मी हलकी समजत नाहीये, महिना पटकन जातो आणि बाकीचे विषयही आहेत. आता पाठ करून नंतर समजून घेऊ ह्यात पाप काही नाही, पेपर परवा असता तर मीही तेच सांगितलं असतं, फक्त तिला खरं सांगून, की बाई ही ओळ ठरवलेली आहे, कारण आहे, आपण सुट्टीत बघू. पण महिना हातात आहे आणि वर जे लिहिलं ते तीन-चार संध्याकाळींत होण्यासारखं आहे. शिवाय ‘नंतर’ सहसा येत नाही, कारण पुढे ह्याच्यावरच मजले चढतात, प्रमाण रूप, करणी, मग लॉगरिदम. सायन्समध्येही लगेच लागतं, प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण ३ × १०^८ मीटर आणि सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण ५ × १०^२ सेकंद लागतात, गुणा, ३ पंचे १५ आणि घातांक ८ + २, म्हणजे १५ × १०^१०, म्हणजेच १.५ × १०^११ मीटर, पंधरा कोटी किलोमीटर. कॅल्क्युलेटर न घेता पृथ्वी ते सूर्य अंतर निघालं, तिला हे स्वतः काढू द्या.

सरावाला बसाल तेव्हा ‘कुठला नियम लागेल?’ असं विचारू नका, ‘उघडून लिही’ एवढंच म्हणा. घातांक लहान असतील तोवर प्रत्येक गणित उघडून लिहू दे, पान भरलं तरी चालेल, काही दिवसांनी तिचाच हात कंटाळेल आणि ती स्वतः शॉर्टकट मारायला लागेल, आणि तो शॉर्टकट तिचा असेल. शंका आली की छोट्या आकड्यांनी चेक करायची सवय लावा, पण आकडे निवडताना जपून. दोन आणि दोन घेऊ नका, कारण २ + २ आणि २ × २ दोन्ही चारच, त्यामुळे (२^२)^२ मध्ये घातांकांची बेरीज केली काय नि गुणाकार केला काय, १६ च येतात आणि चुकीचा नियमही बरोबर वाटतो. पाया ० किंवा १ असेल तरी तसंच फसायला होतं. २ आणि ३ घ्या, लगेच वेगळं दिसतं.

ह्यापेक्षाही महत्त्वाचं, आणि हे तक्त्यात कधीच नसतं: कुठे कुठलाच नियम लागत नाही ते. बेरजेला घातांकाचा नियम नाही. २^३ + २^४ म्हणजे ८ + १६ = २४, ते २^७ नाही, २^७ तर १२८. (२+३)^२ म्हणजे २५, आणि २^२ + ३^२ म्हणजे १३. तसंच २^३ × ३^२, पायाही वेगळे, घातांकही वेगळे, इथे एकत्र करण्यासारखं काही नाही, ८ × ९ = ७२ करा आणि पुढे जा. मुलांना वाटतं दोन घात शेजारी दिसले की काहीतरी केलंच पाहिजे, नाहीतर मार्क जातील. अशी दहा-बारा गणितं मुद्दाम मिसळून द्या आणि फक्त ‘इथे एकत्र करता येईल का’ एवढंच विचारा, उत्तर नको. माझ्या मते ह्या सरावाने जेवढा फरक पडतो तेवढा तक्ता लिहून काढल्याने पडत नाही.

आणखी एक सापळा पेपरात हमखास असतो, (-२)^४ आणि -२^४. पहिल्यात कंसामुळे उणे दोन हाच पाया, चार वेळा गुणला की १६. दुसऱ्यात पाया फक्त दोन, आधी १६ करायचे आणि मग उणे, -१६. कंसाकडे बघ एवढं सांगितलं तरी पुरे.

अपूर्णांकी घातांक तिच्या अभ्यासात असतील तर तेही त्याच पद्धतीने ठरवलेले आहेत. ९^(१/२) ला स्वतःनेच गुणलं तर घातांक अर्धा अधिक अर्धा, म्हणजे ९^१, म्हणजे ९. स्वतःने गुणल्यावर ९ देणारी धन संख्या ३, म्हणून ९^(१/२) = ३, म्हणजे वर्गमूळ. छेदात ३ असेल तर घनमूळ, ८^(२/३) म्हणजे आठाचं घनमूळ २, त्याचा वर्ग ४. फक्त इथे पाया धन ठेवा.

तक्ता मी फेकून द्या म्हणत नाहीये, पेपरात ‘नियम लिहा’ असं येऊ शकतं. पण तो शेवटी, आणि तिच्याच हाताने होऊ दे, एका बाजूला ‘मोजून मिळालेले’, दुसऱ्या बाजूला ‘ठरवलेले’ आणि प्रत्येकासमोर तिचं एक छोटं उदाहरण. असा तक्ता निराळा पाठ करावा लागत नाही.

असंच कोडं असलेल्या बाकीच्या पालकांसाठी दोन शब्द. तुमचं मूल २^३ चं उत्तर ६ काढत असेल तर त्याचा प्रश्न वेगळा आहे, ते २ × ३ करतंय, त्याला नियमांकडे नेऊच नका, आधी ‘तीन वेळा मिळवणं’ आणि ‘तीन वेळा गुणणं’ शेजारी शेजारी लिहून दाखवा. आणि ज्याचे मार्क पूर्ण येतात त्यालाही कधीतरी सहज विचारा, ५^० एक का. ‘नियम आहे’ एवढंच उत्तर आलं तर रागवू नका, ती पायऱ्यांची रांग त्याच्यासोबत एकदा लिहा.

क्लासबद्दल. सरांनी ‘वेळ घालवू नको’ म्हटलं ते मला आवडलं नाही हे खरं, पण वर्गात पोर्शन संपवायची घाई असते हेही खरं, तेवढ्या एका वाक्यावरून क्लास बदलू नका. तिला जाऊन नेमका प्रश्न विचारू दे, ‘सर, शून्य घातांकाचा नियम सिद्ध होतो की ठरवलेला आहे?’ असा. नुसतं ‘समजलं नाही’ म्हटलं की पुन्हा तेच ऐकायला मिळतं, नेमका प्रश्न आला की बरेच शिक्षक थांबून सांगतात. त्यानंतरही विचारायची मुभाच नसेल तर मात्र महिनाभर थांबून, परीक्षेनंतर बदला.

आणि तुमच्याबद्दल, ताई. तिच्या ‘का’ ला उत्तर नसलं की आपण आई म्हणून कमी पडतो असं तुम्हाला वाटतंय, तसं पत्रात चार ठिकाणी जाणवतं. तुम्ही पाठ करून पुढे गेलात कारण तुम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं. तिच्यासोबत वही घेऊन बसा आणि ‘मलाही माहीत नाही, चल पायऱ्या लिहू’ म्हणा, ह्यात कमीपणा नाही. वडिलांनाही बोलवा, भागाकाराची पायरी त्यांना लिहू दे.

एक तयारी मात्र ठेवा. ही मुलगी ज्या पद्धतीने विचार करतेय त्यावरून ती आज ना उद्या विचारणारच, मग ०^० किती? तक्त्यात ‘अ शून्य नसताना’ असं बारीक अक्षरात का लिहिलंय ते तेव्हा कामाला येईल. तिला दोन रांगा लिहू द्या. एकीकडे ३^०, २^०, १^०, सगळीकडे १, म्हणजे ०^० पण १ वाटतं. दुसरीकडे ०^३, ०^२, ०^१, सगळीकडे ०, म्हणजे ०^० पण ० वाटतं. आणि आपली उतरायची पायरी इथे वापरताच येत नाही, कारण तिथे शून्याने भागावं लागतं. म्हणून शाळेत ते बाजूला ठेवतात, आणि वरच्या गणितात बऱ्याच ठिकाणी सोयीसाठी १ धरतात. ह्यावर ती अजून काही विचारेल, तो प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला सांगा, पेपर झाले की निवांत बघता येईल.